तीन मिनिटांत कथक बसत नाही

महोदय,

गेल्या महिन्यात माझ्या 13 वर्षांच्या विद्यार्थिनीला घेऊन एका नृत्यस्पर्धेला गेले होते. गट ‘शास्त्रीय’, वेळ 3 मिनिटं, संगीत पेनड्राइव्हवर. तबला-पेटीची साथ आणू का, असं विचारलं, तर उत्तर आलं, “मॅडम, माइक लावण्यात वेळ जातो.”

हिशोबच मांडते. विलंबित, म्हणजे संथ, तीनताल मिनिटाला 48 मात्रांच्या लयीत धरला, तर 16 मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, 20 सेकंदांचं होतं. म्हणजे मुलीच्या वाट्याला अवघी 9 आवर्तनं. त्यात थाट, आमद, तोडे, परण, गतभाव आणि शेवटचा तत्कार (पायांचं काम) हे कथकाचे सगळे टप्पे बसवायचे कसे? अर्थातच कात्री लागते ती थाटाला आणि गतभावाला. उरतात चक्रं, म्हणजे गिरक्या. टाळ्याही त्यांनाच पडतात, म्हणून पुढच्या वर्षी मुली आणखी चक्रं घेऊन येतात.

थाटात पाय जवळजवळ हलत नाहीत. मनगट, मान, भुवई, श्वास एवढ्यावरच लय तोलायची असते. घाईत तो करताच येत नाही. गतभावाचं, म्हणजे एकटीनंच सगळी पात्रं उभी करत गोष्ट सांगण्याचं, तर विचारूच नका. या मुलीला मी माखनचोरी शिकवत होते. यशोदेचा उगारलेला हात, एक पलटा (पात्र बदलणारं वळण), आणि त्याच जागी ओठ पुसणारा कृष्ण. पहिले दोन महिने तिची यशोदा आणि कृष्ण दोघंही सारखेच रागावायचे. चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी पलट्यानंतर तिची नजर आपोआप खाली झुकली, आणि वर्गातल्या सगळ्या मुली गप्प झाल्या. स्पर्धेसाठी आम्ही नेमका तोच भाग काढून टाकला.

नृत्त आणि नृत्य यांत फरक आहे, हे आम्ही पहिल्या वर्षीच शिकवतो. नृत्तात लय आणि अंगाची रेषा, नृत्यात त्यासोबत अर्थ आणि भाव. लच्छू महाराजांसारख्या गुरूंकडे शिकलेल्या रोहिणीताई भाटे यांनी 1947 साली पुण्यात नृत्यभारती ही कथक शिकवणारी संस्था सुरू केली आणि महाराष्ट्रातल्या किती घरांत कथक पोचवलं! त्या कथकातला अर्धा भाग आपण मुलांना दाखवूच देत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

जिंकलेल्या मुलीबद्दल माझी काही तक्रार नाही, तिच्या पायांत खरोखर तयारी होती. मागणी आयोजकांकडे आहे. शास्त्रीय गटाला निदान 8 मिनिटं द्या, स्पर्धक कमी घ्यावे लागले तरी चालतील. मुलांना नाचाआधी बोलांची पढंत करू द्या, म्हणजे ते बोल तालात म्हणून दाखवू द्या; मग सम, आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येते ते प्रेक्षकांनाही कळेल. आणि जिवंत साथीला परवानगी द्या. तबल्याला एक, लेहऱ्याच्या (आवर्तनभर फिरणाऱ्या धुनेच्या) पेटीला एक आणि पढंतीला एक असे तीन माइक पुरतात. ते लावायला मी स्वतः तासभर आधी यायला तयार आहे.

– एक कथक शिक्षिका, सातारा