पीडीएफवर मराठी लिहायची वाट दाखवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सा. न.

कर्नाटकातल्या आमच्या खानापूर तालुक्यातली वडीलधारी माणसं जमिनीचे उतारे, नोटिसा घेऊन माझ्याकडे येतात. कागद कन्नडमधला आणि त्यांचं शिक्षण मराठीत. ओळीशेजारी मराठीत अर्थ लिहून प्रिंट काढून द्यायची, एवढंच माझं काम. जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टीम घातल्यावर तेच अडलं. अडोबी रीडरची लिनक्सवरची शेवटची आवृत्ती 2013 ची, त्यामुळे तिकडून आशाच नव्हती.

तुम्ही बेळगावहून फोनवर पहिल्यांदा विचारलंत, "पीडीएफवर नेमकं काय करायचंय?" त्या एका प्रश्नानं माझं निम्मं काम झालं. सगळं करणारा एकच प्रोग्राम शोधायचं मी सोडून दिलं.

वाचताना खुणा करायला ऑक्युलर. पिवळी रेघ ओढावी, टीप चिकटवावी, सेव्ह केलं की ती पीडीएफमध्येच राहते. पण चिकटवलेल्या टीपेतला मजकूर प्रिंटवर येत नाही, आणि आमच्या आजोबांना तर कागदच हातात हवा. त्यासाठी तुम्ही झर्नल प्लस प्लस (Xournal++) दिलंत. त्यात मजकूर थेट पानावर बसतो. 'क्षेत्र', 'हक्क' ही जोडाक्षरं न तुटता उमटली तेव्हा मला किती आनंद झाला, काय सांगू! त्याची स्वतःची फाईल मूळ पीडीएफ कुठे ठेवलीय तेवढंच लक्षात ठेवते. मूळ फाईल हलवली की पान सापडत नाही. म्हणून काम संपलं की 'एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ' करायचंच, हे तुम्ही बजावलंत ते फार बरं झालं.

मोबाईलवर काढलेली उलटसुलट पानं फिरवून जोडायला पीडीएफ अरेंजर आहे, त्यात शिकण्यासारखं फारसं नाही. लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये मजकूरही बदलता येतो, पण ओळी सुट्या होतात आणि फॉन्ट नसला तर कन्नड अक्षरं विस्कटतात. तसंही दुसऱ्याच्या उताऱ्यातलं अक्षर आपण बदलायचंच नाही. डिजिटल सही असलेल्या फाईलची आधी कॉपी काढायची, हा तुमचा नियम मी काटेकोर पाळते.

सर, यातल्या एकाही गोष्टीला पैसे पडले नाहीत. तुम्ही मात्र तुमचा वेळ दिलात, आणि तोही न कंटाळता. त्याबद्दल मनापासून आभार.

हे सगळं आता मी शेजारच्या दोन मुलींना शिकवतेय. अडलं तर पुन्हा तुम्हालाच फोन करीन.

आपली नम्र,
खानापूरची विद्यार्थिनी