लाईन

पुणे
२८ जानेवारी २०२५

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनच केला असता. पण बाबा, तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि ओसरीवर बसलेलं अर्धं गाव माझं बोलणं ऐकतं. हे सगळ्यांनी ऐकण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला. आई, चष्मा सापडत नसेल तर बाबांना वाचायला लाव, पण मधलं काही गाळू देऊ नकोस. मी जरा रागावलेय, आणि तेवढाच भाग ते नेमका गाळतील.

संक्रांतीला आले होते तेव्हा बंटीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेवा केंद्रावर गेले. कागद स्कॅन करता करता तिथला पोरगा म्हणाला, "ताई, मंग भेटली का तुमची तिकिटं?" मला वाटलं, रेल्वेचं विचारतोय. म्हटलं, हो ना, महाराष्ट्र एक्सप्रेसचं वेटिंग होतं, झालं कन्फर्म. तो हसायला लागला. "ते नाही वो, ते कोल्डप्लेच्या गान्याच्या कार्यक्रमावालं. काका-काकू दिवसभर इथंच बसून होते ना!"

मी दाखल्याचे पैसे दिले आणि काही न बोलता घरी आले. तुम्हाला वाटलं ऊन लागलं. आई, तू लिंबू-सरबत केलंस. मी तेही प्यायले आणि तेव्हाही बोलले नाही.

रात्री बाबांची खता-बियाण्याची डायरी काढून पाहिली. चोरून पाहिली, माफ करा. वरच्या ओळीत 'डीएपी ३ बॅग, ४०५०'. खाली 'वायरमन' आणि त्याचा नंबर. त्याखाली बाबांच्या अक्षरात: 'कोल्ड प्ले. २२ सप्टें. रविवार दु. १२. उभ्यानं ६४५० × २ = १२९००.' दोन कशाला, ते मला विचारायची गरज पडली नाही. रात्रीच्या कार्यक्रमाला पोरगी एकटी कशी जाईल, मैत्रिणीचंही काढून देऊ. होय ना?

चूक माझीच. पोळ्याला आले तेव्हा स्वयंपाकघरात मोबाईलवर गाणी लावली होती. आई, तू पुरणाला हात लावू देत नव्हतीस म्हणून नुसती बसले होते. तू विचारलंस, "हे कोनं म्हनते व?" मी म्हटलं, इंग्लंडचा बँड आहे, मुंबईला येणार म्हणतात, पण आपल्याला कुठं तिकीट मिळायचं. बास, एवढंच बोलले. बैलांची शिंगं रंगवता रंगवता बाबांनी ते ऐकलं असेल, हे माझ्या गावीही नव्हतं.

सेवा केंद्रवाल्या पोरानं त्या दिवसाचं सगळं सांगितलं. एक दाखला काढायला दुसऱ्यांदा गेले, खरं तर ऐकायलाच गेले. बाबा, तुम्ही सकाळी नऊलाच जाऊन बसलात. विक्री बाराची. तो म्हणाला, "काका, इतक्या लवकर काहून?" तर तुम्ही म्हणालात, "पुढं नंबर लागाले पाह्यजे ना बापा." तुमचं बरोबरच होतं, लाईन म्हणजे तुम्हाला जी माहीत आहे ती. सगळा कापूस सरकारच घ्यायचं त्या एकाधिकार खरेदीच्या काळात कापसाची बंडी घेऊन तुम्ही दारव्ह्याच्या केंद्रावर तीन-तीन रात्री काढल्या आहेत. बैलांना कडबा, स्वतःला भाकर-ठेचा, आणि झोपायला बंडीखालची जागा. ग्रेडरनं ग्रेड पाडली तरी, चुकारा हप्त्याहप्त्यानं आला तरी, एक गोष्ट पक्की होती. आधी आलेली बंडी आधी काट्यावर चढायची. दुपट्टा टाकून चहाला जाऊन आलं तरी जागा शाबूत.

या लाईनीत तसं नसतं, बाबा. बाराच्या आधी जेवढे म्हणून तिकिटांच्या साईटवरच्या वेटिंग रूममध्ये जमा होतात, त्या सगळ्यांच्या बाराच्या ठोक्याला चिठ्ठ्या टाकल्यासारखं करतात आणि यंत्र वाटेल तसा नंबर वाटतं. नऊला आलेल्याला नऊ लाखावा आणि अकरा एकोणसाठला आलेल्याला नववा, असंही होऊ शकतं. बारानंतर जो येईल तो मात्र शेपटाला. म्हणजे तुमचे नऊ ते बारा हे तीन तास नुसते गेले. हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही, कारण ज्याला सांगता आलं असतं त्या माझ्यापासूनच तुम्ही लपवलं होतं.

आणि मग अकरा पन्नासला लाईन गेली. आपल्या गावची लाईन, वायरमनवाली! ऑफिसात मी 'लाईन गेली' म्हणते तेव्हा पुण्याचे लोक विचारतात, कोणती लाईन? त्या दिवशी दोन्ही गेल्या असत्या. कॉम्प्युटर बंद, राउटर बंद, इन्व्हर्टर पंखा आणि बल्बापुरता. तो पोरगा म्हणाला, "मी तं हात टेकले, पन काकूच्या मोबाईलवर ते पान उघडं होतं."

आई, तुझा तो काच तडकलेला मोबाईल. त्याच्यावर बारा वाजता नंबर आला, ३,१२,४०६. डायरीत बाबांनी दोनदा गिरवून लिहिलाय. आणि मग तू काय केलंस तेही कळलं. पडदा काळा झाला की लाईनीतून बाहेर पडू, असं कोणीतरी सांगितलं म्हणून तू दर थोड्या वेळानं बोट टेकवत बसलीस. दुधावर नजर ठेवावी तशी. त्या पोरानं स्क्रीन बंद न होण्याची सेटिंग करून दिली तरी तुझा विश्वास बसेना. जेवायला गेली नाहीस. पितृपक्ष चालू, अशात शुभाची खरेदी करू नये असं तूच नेहमी म्हणतेस, त्या दिवशी म्हणालीस, "हे काही शुभ नाही, हे तं गानं हाय." नंबर तीन लाखाचा दोन लाख नव्वद हजार झाला. मग पान अडकलं. मग पुन्हा आलं. दोन वाजता तिसऱ्या दिवसाचा कार्यक्रम वाढवल्याचं आलं, १८ आणि १९ जानेवारीच्या जोडीला २१. तुम्हाला पुन्हा आशा. पाचच्या सुमारास सगळं संपल्याचं आलं.

आता मी जे लपवलं ते सांगते. त्या रविवारी बारा वाजता मीही लाईनीत होते. रूमवर आम्ही चौघीजणी, चार लॅपटॉप, पाच मोबाईल. माझा नंबर आला ९,८७,००० च्या वर. चौघींत सगळ्यात चांगला तोच, म्हणून आम्ही त्याच्याभोवती आरती केल्यासारख्या उभ्या होतो. तुम्हाला फोन केला नाही, कारण गाण्याच्या तिकिटाला साडेसहा हजार घालते हे सांगायची लाज वाटली. म्हणजे आपण तिघंही एकाच लाईनीत होतो, आणि आई, तू माझ्यापुढे होतीस! पावणेसात लाख माणसं पुढे. हे कळल्यापासून मला हसू येतं आणि मग काहीतरी वेगळंच होतं. ते लिहिता येत नाही.

मनाला लावून घेऊ नका, कारण हिशेबच तसा होता. त्या दिवशी एक कोटी तीस लाखांहून जास्त लोक लॉगिन झाले होते. २०११ च्या जनगणनेत आपल्या अमरावती विभागाचे पाचही जिल्हे मिळून एक कोटी बारा लाखांच्या आसपास भरतात. म्हणजे यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा, सगळी लहान-मोठी माणसं एका दाराशी, आणि दार कुठलं, तर नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमचं. त्यातही खरी माणसं किती आणि एकाच्या नावावर पन्नास खाती उघडून बसलेले दलाल किती, कोण मोजणार? सरकीच्या भावात कोण कसा खेळतो ते तुम्हाला सांगायला नको.

बाबा, "बसाले अडीच हजार अन् उभं राह्याले साडेसहा, हा काय उलटा धंदा" असं तुम्ही म्हणालात म्हणे. तो पोरगा अजून सगळ्यांना सांगतो. उभ्यानं म्हणजे स्टेजजवळ, म्हणून महाग. सगळ्यात वरचं तिकीट ३५,००० चं होतं. यंदा बाजारात सोयाबीन चार हजार-बेचाळीसशेनं गेलं, हमीभाव ४,८९२ असून. ३५,००० म्हणजे आपल्या वावरातलं आठ क्विंटल, एकराचं सगळं पीक एका संध्याकाळी. तुमचे १२,९०० म्हणजे तीन क्विंटल. त्या दिवशी तर सोयाबीन शेंगेतच होतं, सोंगणीसुद्धा झाली नव्हती. पैसे कुठून काढले होते? मोटर भरून आणायला ठेवलेलेच ना?

इथून पुढचं बाबांनी मोठ्यानं वाचावं.

१६ नोव्हेंबरला अहमदाबादच्या तिकिटांसाठी तुम्ही धुऱ्यावर उभं राहून पुन्हा प्रयत्न केलात, वेचणीच्या बाया खोळंबल्या, ते ठीक. पण नंतर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या माणसाला दोन हजार का पाठवले? 'कन्फर्म दोन तिकिटं, तीस हजार, अर्धे आधी.' तुम्ही बैल घेताना देतात तसा इसार दिलात. बैलबाजारात इसार घेणाऱ्याचं गाव, दावण, बाप कोण, सगळं माहीत असतं. याचा फोटोसुद्धा खरा नव्हता. आई म्हणाली म्हणून उरलेले वाचले, "तिकीट हाती देल्यावर पैसे, नाही तं नाही." दुसऱ्या दिवशी नंबर बंद. आणि तुम्ही दोघांनी दोन महिने तोंडातून ब्र काढला नाही.

मला दोन हजारांचं दुःख नाही. पण वायरमनच्या नंबरखाली आता हा लिहून ठेवा, १९३०. ऑनलाईन फसवणूक झाली की लगेच, पहिल्या तासाभरातच यावर फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता आले तर आले. लाज धरून गप्प बसलो की त्या माणसाचं फावतं. तुम्ही एकटेच फसलात असंही नाही. मूळ किमतीच्या कितीतरी पट, लाखांत तिकिटं विकायला ठेवलेली आम्हीही पाहिली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं चौकशी सुरू केली, प्रकरण उच्च न्यायालयातही गेलं. याच महिन्यात न्यायालयानं ती याचिका फेटाळली, यावर नियम करणं सरकारचं आणि विधिमंडळाचं काम, म्हणून. त्याचं कात्रण तुमच्या डायरीत होतं, बाबा. कात्रण ठेवता आणि मला सांगत नाही.

परवा २६ तारखेला अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवला. आम्ही चौघींनी लॅपटॉप खिडकीत ठेवून पाहिला, मॅगी खाऊन. स्टेडियम एक लाखाहून जास्त माणसांचं. आलेल्या प्रत्येकाच्या मनगटाला एक पट्टा देतात, तो गाण्याच्या तालावर आपोआप लागतो-विझतो, आणि जाताना परत घेतात, पुढच्या गावाला वापरायला. सगळीकडचे दिवे घालवून नुसते ते पट्टे लागले तेव्हा मृगाच्या पहिल्या पावसानंतर नाल्यावर काजवे असतात ना, तसं दिसलं, फक्त लाल-निळे. आई, तुला आवडलं असतं. बाबांना आवाज फार झाला असता. मध्येच आमचं नेट अडकलं आणि गाणारा तोंड उघडं ठेवून दोन मिनिटं तसाच उभा राहिला. तेव्हा मला तुझं ते बोट टेकवणं आठवलं, आणि मीही टेकवलं.

तिकिटं संपल्यावर बाबा सेवा केंद्राच्या पायरीवर काय म्हणाले तेही कळलं. "शेगावची बारी पाच-पाच घंटे असते, पन तिथं कोनी सांगत नाही का दर्शन संपलं." हे मी माझ्या मैत्रिणींना सांगितलं. त्यातली एक शेगावला येते म्हणते. आणेन मी तिला, आणि आपण सगळेच जाऊ, पण आईच्या डोळ्यानंतर.

डोळ्याचंच मुख्य लिहायचं होतं. मोतीबिंदू पिकू दे, कापसाची उलंगवाडी होऊ दे, मग पाहू, असं दोन वर्षं ऐकतेय. गाण्याच्या तिकिटाला १२,९०० लगेच निघतात आणि डोळ्याला मुहूर्त लागतो, हे काय आहे? ज्या डोळ्यांनी तू तो नंबर दिवसभर पाहत बसलीस तेच डोळे ना? मी महाशिवरात्रीला जोडून रजा टाकली आहे. २७ फेब्रुवारी, गुरुवार, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. पहाटेच्या गाडीनं निघू. आधीचे कागद आणि आधार कार्ड आईनं पिशवीत आत्ताच भरून ठेवावं. तिथं केसपेपरची लाईन मोठी असते. तुम्ही दोघं बाकावर बसायचं. लाईनीत मी उभी राहीन.

बंटीला सांगा, दाखला कपाटात वरच्या कप्प्यात आहे.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, डायरीत पासवर्ड लिहू नका, आणि तो बदला. 'गणगणगणातबोते१२३' हा निम्म्या विदर्भाचा पासवर्ड असेल.