मा. वनमंत्र्यांना खुले पत्र: आमच्या डोंगराचा धूर कोणी मोजायचा?

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,

सविनय नमस्कार. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट विषयावर येतो.

शिमग्याच्या तोंडावर आमच्या मागचा डोंगर पेटला. दुपारी तीननंतर लागलेला वणवा गावातल्या बाया-माणसांनी हिरव्या डहाळ्यांनी झोडपून रात्री दहाच्या सुमारास विझवला. मोहोरावर आलेली माझी काजूची कलमं उभी करपली, ठिबकच्या नळ्या वितळून मातीला चिकटल्या. पावसाळा संपला की जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, काढून देतो, असं सांगणारे त्या रात्री फिरकले नाहीत. भरपाईसाठी गेलो तेव्हा साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. "उपग्रहात तुमच्या गावाला आगच दिसत नाही. आणि जमीन खासगी आहे."

मंत्रिसाहेब, दिसेल कशी? 375 मीटरच्या चौकोनात आग टिपणारे ते उपग्रह आमच्यावरून जातात दुपारी दीडच्या आणि मध्यरात्री दीडच्या आसपास. गवत मधल्या वेळात पेटून विझलं. आपला हवामानाचा उपग्रह इन्सॅट दर अर्ध्या तासाने बघतो, पण त्याचा उष्णतेचा चौकोन चार किलोमीटरचा, त्यात आमच्यासारखी आग हरवते. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाच्या चित्रात मात्र 10 मीटरपर्यंतचा काळा डाग स्पष्ट उमटतो आणि ती चित्रं फुकट मिळतात. ती उघडून बघायचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

आता धुराचं. युरोपात कोपर्निकस या पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमाचे लोक उपग्रहाला दिसलेल्या आगीची ताकद मेगावॉटमध्ये घेतात, त्यावरून किती सुकं जळलं ते काढतात आणि किती धूर झाला याचा अंदाज रोज जगभरासाठी मांडतात. आपल्याकडे डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून आगीचा एसएमएस येतो, हेक्टर लिहिले जातात आणि फाइल बंद होते. धुराला रकानाच नाही. मीच हिशेब केला: 40 हेक्टर गवत, हेक्टरी 3 टन, किलोमागे साधारण 7 ग्रॅम बारीक कण. म्हणजे एका संध्याकाळी 840 किलो. आकडा चुकीचा वाटत असेल तर तुमच्या शास्त्रज्ञांनी बरोबर तो द्यावा, पण काहीतरी द्यावा.

रात्री गारठ्याने तो धूर खाली उतरून वाडीत बसला. माझी आई दम्याची. दारं-खिडक्यांच्या फटींत ओली लुगडी कोंबली, तरी ती पहाटेपर्यंत उशीला टेकू शकली नाही, बसून श्वास ओढत होती. पुढे आठवडाभर तिच्या तोंडाला नेब्युलायझर होता. त्याचा खर्च, बागेचं कर्ज, पुढची पाच-सहा वर्षं नवी कलमं धरेपर्यंतचं रिकामं उत्पन्न, यातलं काही पंचनाम्यात नाही. कारणाच्या जागी "अज्ञात" लिहून ठेवलंय.

2019 पासून देशात स्वच्छ हवेचा कार्यक्रम आहे, तो शहरांसाठी. यंत्रं शहरात, निधी शहरात, मुंबईची हवा बिघडली की बातम्या. फुप्फुसं काय फक्त मुंबईकरांना असतात? रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल एक टक्क्याच्या आसपास. बाकी डोंगर खासगी, म्हणून वन खातं महसुलाकडे बोट दाखवतं, महसूल कृषीकडे, कृषी पुन्हा तुमच्याकडे. आणि वणव्याचा विषय निघाला की शेतकऱ्याची भाजावळ, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं, तेवढी सगळ्यांना आठवते.

जळालेल्या क्षेत्राचा डाग पंचनाम्यात पुरावा म्हणून धरा. फेब्रुवारी ते मे दर वणव्यामागे धुराचा अंदाज काढा आणि तो त्याच दिवशी ग्रामपंचायत व प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, म्हणजे दम्याची माणसं वेळेत हलवता येतील. आणि जाळरेषा यंदा दिवाळीआधी, खासगी डोंगरावरसुद्धा. मला तोंडी आश्वासन नको, सही-शिक्क्याचं उत्तर पाठवा.

आपला,
एक काजू बागायतदार, रत्नागिरी जिल्हा