हिरव्या खुणेपलीकडे बघायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव कुठेही घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ‘ताई’ म्हणूनच लिहिते. पण तुम्ही जे दिलंत ते चारचौघांत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्यासारख्या अनेक छोट्या संस्थांच्या ते उपयोगी पडेल.

आमच्या प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येकाची नोंद दुसऱ्या एका संस्थेच्या ऑनलाइन फॉर्मवर करावी लागते. माहिती आमच्या शीटमध्ये तयार असते, तरी आमची सहकारी एकेक रकाना कॉपी-पेस्ट करत बसायची. एन-एट-एन (n8n) या, कामाच्या पायऱ्या जोडून ती आपोआप करून घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे करता येईल का, एवढंच मी तुम्हाला विचारलं होतं. तुमचं पहिलं उत्तर तांत्रिक नव्हतंच. ‘ज्यांचा फॉर्म आहे त्यांची परवानगी घेतलीत का? आणि त्यांच्याकडे एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याला थेट माहिती देण्याची वाट, असेल तर फॉर्मच्या वाटेला जायचं कशाला?’ आम्ही विचारलं. एपीआय नव्हता, पण परवानगी मिळाली, नोंदी सावकाश पाठवा एवढ्या अटीवर. त्या एका प्रश्नामुळे आमचं काम उजळ माथ्याने सुरू झालं. यासाठी तुमचे आभार सगळ्यात आधी.

मग तुम्ही एन-एट-एन उघडूच दिलं नाहीत. ब्राउझरमध्ये एफ १२ दाबून, ब्राउझर आणि सर्व्हरमधली देवाणघेवाण दाखवणारा नेटवर्कचा टॅब उघडायला लावलात आणि एक खरी नोंद हाताने भरायला सांगितलीत. सबमिट दाबल्यावर जी पोस्ट रिक्वेस्ट, म्हणजे भरलेली माहिती सर्व्हरकडे नेणारी मागणी, गेली, तिच्यातली प्रत्येक ओळ आपण दोघींनी मिळून वाचली. पडद्यावर जे दिसतं आणि सर्व्हरला जे जातं त्यात किती अंतर असतं, हे मला तेव्हा कळलं. ड्रॉपडाउनमध्ये जिल्ह्याचं नाव दिसतं, पण जातो त्याचा कोड. ब्राउझरचा स्वतःचा तारखेचा रकाना दिवस-महिना-वर्ष असा दिसला तरी पाठवताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असाच पाठवतो. आणि खूण न केलेला चेकबॉक्स ‘नाही’ म्हणून जात नाही, तो जातच नाही! हे मला कुठल्याही व्हिडिओत सापडलं नव्हतं.

त्या ओळींमध्ये आम्ही न भरलेली एक लांबलचक अक्षरमाळही होती. तो लपलेला टोकन. रिक्वेस्ट त्यांच्याच फॉर्ममधून आली आहे, दुसऱ्या साइटने गुपचूप पाठवलेली नाही, हे सर्व्हर त्यावरून ताडतो. दर सेशनला तो बदलतो, त्यामुळे एकदा कॉपी करून भागत नाही. म्हणून वर्कफ्लोने (एन-एट-एनमध्ये जोडलेल्या पायऱ्यांच्या साखळीने; त्यातली एकेक पायरी म्हणजे नोड) आधी फॉर्मचं पान मागवायचं, एचटीएमएल नोडने त्यातून टोकन काढायचा, उत्तराच्या हेडरमधली, म्हणजे सोबतच्या माहितीतली, कुकी (साइटने आपल्याला ओळखण्यासाठी दिलेली खूण) उचलायची आणि दोन्ही सोबत घेऊन मगच पोस्ट करायचं. एचटीटीपी रिक्वेस्टचा एक नोड कुकी पुढच्या नोडला आपणहून देत नाही, ती आपण द्यायची, हे तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही तिथेच अडकून पडलो असतो.

पण माझ्या मते तुमची सगळ्यात मोलाची शिकवण यापुढची आहे. चाचणीत सगळे नोड हिरवे झाले, स्टेटस २०० आला, आणि आम्ही आनंदलो. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘उत्तराचं पान वाचा.’ पान वाचलं तर तोच फॉर्म परत आला होता, वर लाल अक्षरांत ‘पिनकोड अवैध’. सर्व्हरने मागणी ऐकली एवढंच २०० सांगतो, नोंद झाली असं नाही. तेव्हापासून आमचा वर्कफ्लो उत्तरात पावती क्रमांक शोधतो, सापडला तर शीटच्या त्याच ओळीत लिहितो, आणि ज्या ओळीत क्रमांक आहे ती पुन्हा पाठवत नाही.

उत्तरच आलं नाही तर काय, हेही तुम्ही आधीच ओळखलं होतंत. नोंद झालेली असू शकते आणि फक्त उत्तर वाटेत हरवलेलं असू शकतं, म्हणून तिथे आपोआप पुन्हा पाठवण्याची सोय तुम्ही बंद ठेवायला लावलीत. अशा ओळीवर ‘तपासा’ असा शेरा पडतो आणि पुढचं माणूस बघतं. ४२९, म्हणजे ‘फार भराभर मागण्या येताहेत’ असा स्टेटस, आला तर मात्र थांबायचं, आणि रिट्राय-आफ्टर हेडरमध्ये जेवढा वेळ दिलाय तेवढं थांबूनच पुढे जायचं. दोन नोंदींमधला वेट नोड तर परवानगीच्या अटीमुळे पहिल्यापासूनच आहे.

दुसऱ्या एका फॉर्मवर कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे ना हे तपासणारं कोडं, होता. तो चुकवायच्या सेवा विकत मिळतात, हे आम्ही ऐकून होतो. तुम्ही स्पष्ट नकार दिलात. समोरच्याने माणूसच हवा असं सांगितलं आहे, तर तिथे माणूसच बसवायचा. तो फॉर्म आम्ही आजही हातानेच भरतो आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. परवानगी घेऊन केलेलं काम आणि फटीतून शिरून केलेलं काम यांतला फरक तुम्ही इतका स्वच्छ ठेवलात, की तुमच्याबद्दलचा आदर तिथे दुणावला.

सहकारी आता सुटलेल्या वेळात प्रशिक्षणार्थींना फोन करते, कोण कुठे अडलंय ते विचारते. मध्यंतरी त्या फॉर्ममध्ये एक नवा रकाना आला तेव्हा तिने कुणाला न विचारता नेटवर्कचा टॅब उघडला, रकान्याचं खरं नाव शोधलं आणि वर्कफ्लोत भरलं. ताई, तुम्ही आयता वर्कफ्लो पाठवला असतात तर त्या दिवशी आम्ही पुन्हा तुमचंच दार ठोठावलं असतं.

एक विचारायचं होतं. तुमच्या सूचनांवरून आम्ही टिपणं काढली आहेत: कोणता रकाना काय नावाने जातो, कुठे थांबायचं, काय हाताने करायचं. आमच्यासारखंच काम करणाऱ्या आणखी एका संस्थेने ती मागितली आहेत. द्यायची का, आणि देण्याआधी तुम्ही एकदा नजरेखालून घालाल का? तुमचा होकार आल्यावरच पाठवू.

तुमची कृतज्ञ,
नोंदींचं काम बघणारी