पांढरीची माती

नागपूर,
रविवार रात्र

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझ्या धाकट्या भावाचा फोन होता. बोलता बोलता म्हणाला, नाल्याकाठची पांढरी, म्हणजे ते जुन्या वस्तीचं टेकाड, सपाट करतोय, जेसीबीवाल्याशी बोलणं झालंय, माती रस्त्याच्या भरावाला जाणार. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

आठवतं, लगोरीसाठी आपण तिथून खापरं वेचायचो? बाहेरून लाल, आतून काळंभोर असं एक गुळगुळीत खापर तू वर्षभर दप्तरात बाळगलं होतंस. चहूकडे काळं रान आणि मधेच तो राखेच्या रंगाचा उंचवटा. दिनू, माणसं राहिल्याशिवाय माती तशी होत नाही रे. चुलींची राख, शेण, पडलेल्या भिंती, सगळं थरावर थर साचत जातं. म्हणून तर शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी.

आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, बाभुळगाव तालुक्यातल्या पाचखेडला असंच एक टेकाड आहे. नागपूर विद्यापीठाने २०२३-२४ मध्ये ते खणलं. जवळजवळ पावणेनऊ मीटर नुसती वस्तीची माती! तळाशी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं लोहयुगातलं गाव, त्यावर सातवाहन काळ, मग मध्ययुग आणि माथ्यावर निजामाच्या वेळची टेहळणीची जागा. तळाच्या घरांत चुली मिळाल्या, मणी मिळाले, लोखंडाच्या वस्तू मिळाल्या.

नगरधनचं तर मला अजून नवल वाटतं. रामटेकला जाताना आपण किती वेळा त्या गावावरून गेलो असू! डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने २०१५ ते २०१८ दरम्यान तिथे खणलं, तेव्हा साडेतीन सेंटीमीटरची एक मातीची मुद्रा हाती लागली. वर शंख आणि ब्राह्मी अक्षरांत प्रभावतीगुप्तेचं नाव. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा याची ही लेक, विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांची सून. नवरा गेला, मुलं लहान, म्हणून तिने स्वतः राज्य चालवलं. ताम्रपटांमुळे ती माहीत होतीच, पण इथे तिच्या नावाचा ठसा उमटलेली माती, तिच्याच राजधानीत! सहा-साडेसहा ग्रॅमचा तो तुकडा. जेसीबीच्या बकेटमध्ये कुणाला दिसला असता?

आणि २०२४ मध्ये सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या समाधीजवळ शेषशायी विष्णू निघाला, तो फोटो मीच तुला पाठवला होता. मूर्ती पावणेदोन मीटर लांब, ती कुणाच्याही नजरेत भरते. माझा जीव अडकतो तो बारीकसारीक गोष्टींत.

तू पुण्यात आहेस, इनामगाव तुला शिरूरच्या पुढे जवळच. घोड नदीकाठच्या त्या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या काळातल्या गावात तान्हं मूल गेलं की दोन मडक्यांत ठेवायचे, तोंडाला तोंड लावून, आणि घरातल्याच जमिनीखाली पुरायचे. दूर स्मशानात नाही, घरात, जिथे आई रोज वावरायची तिथेच. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. अन् हे कळलं कशामुळे? मडकी जागच्या जागी सापडली, जमीन कोणती, थर कोणता ते दिसलं, म्हणून. तीच मडकी ट्रॉलीत पडली असती तर नुसती खापरं.

शेतकऱ्याच्या हातून काही बिघडतंच असं मी म्हणत नाही. १९७४ मध्ये नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला झुडपाचं मूळ खणताना एका शेतकऱ्यालाच ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. साठ किलोंहून जास्त वजन! ती शिल्पं वितळवली गेली नाहीत, म्हणून आज आपण ती पाहू शकतो.

तर माझी एकच विनवणी. भावाला म्हणावं, महिनाभर थांब. तुझा शब्द तो मोडणार नाही. भरावाच्या मातीचे पैसे बुडतील याची मला जाणीव आहे, यंदा कापसाने त्याला काय दिलं तेही ठाऊक आहे. त्या पैशांचं आपण दोघं मिळून बघू. मी विद्यापीठातल्या जाणकारांना टेकाड दाखवायला घेऊन येतो. शनिवारी सकाळच्या एसटीने निघेन. काकूंना सांग, जेवायला आहे.

आणि ते दप्तरातलं खापर अजून असेल, तर येताना घेऊन ये.

तुझाच,
विनू