पोहता न येणाऱ्या मावशींच्या भरवशावर मुलांना पूलमध्ये सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी वाकडला एका मोठ्या सोसायटीत राहते. आमच्याकडे स्विमिंग पूल आहे आणि मे महिन्याच्या सुट्टीत संध्याकाळी ५ ते ७ फॅमिली टाइम असतो, तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते. गेल्या महिन्यात तिथे जे झालं ते डोक्यातून जात नाहीये आणि पुण्यात आता अशा पूलवाल्या सोसायट्या गल्लोगल्ली झाल्यात म्हणून हे पत्र लिहितेय.

एक चार वर्षांचा मुलगा बेबी पूलमध्ये खेळत होता. बेबी पूल दीड फुटाचा, त्याला लागूनच मोठा पूल, साडेतीन फुटापासून पाच फुटापर्यंत उतार, आणि दोघांच्या मधे टाइल्सचा वीतभर कठडा. बॉल पलीकडे गेला तसा पोरगा बॉलच्या मागे गेला. आई घरी धाकट्या बाळाजवळ, बाबांचा ऑफिसचा कॉल चालू, मुलासोबत त्यांच्याकडे काम करणाऱ्या मावशी आल्या होत्या. काठावर उभ्या, एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात त्याचा खाऊचा डबा.

मी पंधराएक फुटांवर होते आणि खरं सांगते, माझ्या काहीच लक्षात आलं नाही. बुडणारा माणूस हात वर करून ओरडतो असं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय ना, तसलं काही नव्हतं. त्याचं डोकं मागे कललेलं, तोंड पाण्याच्या बरोबरीला, एकदा वर एकदा खाली, केस कपाळाला चिकटलेले, डोळे उघडे, आणि दोन्ही हात बाजूला पसरून पाणी खाली दाबल्यासारखे हलत होते. आवाज नाही. बाजूला दोन मुली एकमेकींवर पाणी उडवत होत्या, त्यांनाही वाटलं हा खेळतोय. श्वासच पुरत नाही तर ओरडणार कुठून, आणि लहान मूल अशा अवस्थेत जेमतेम अर्धा-एक मिनिट टिकतं, म्हणजे व्हॉट्सॲपवर एक मेसेज वाचून उत्तर टाइप करेपर्यंत सगळं संपलेलं असतं.

मावशींना माझ्या आधी कळलं. त्या “अगं बाई” एवढंच म्हणाल्या आणि नेसत्या साडीनिशी पाण्यात उडी मारली. त्यांना पोहता येत नाही. साडी फुगली, पाय सटकले आणि त्याही खाली. त्या आवाजाने मी वळले, मुलाला काखेत धरून वर काढलं, आणि कॉलेजच्या दोन मुलांनी मावशींना दंडाला धरून उभं केलं. पाणी त्यांच्या छातीइतकंच होतं पण घाबरलेल्या माणसाला पायाखाली जमीन आहे हेसुद्धा कळत नाही. मुलगा काठावर आल्यावर खोकला, उलटी केली, मग रडला, तो रडला तेव्हा माझे हात थरथरायला लागले. कोणीतरी म्हणालं त्याला उलटा धरा, कोणी म्हणालं पोट दाबा. यातलं काहीही करायचं नसतं. मूल श्वास घेत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा आणि मग छाती दाबायला सुरुवात करायची, आणि शुद्धीवर असलं तरी पाणी छातीत गेलं असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. त्याला रात्रभर हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं, आता तो छान आहे.

लाइफगार्ड कुठे होता असं सगळेच विचारतात. तो गेटवर होता, पाहुण्यांची नावं रजिस्टरमध्ये लिहीत. कारण ते काम सोसायटीनेच त्याला दिलंय. ज्याने पाण्यावरून नजर हटवायची नाही त्याच्याच हातात वही-पेन द्यायचं, हे कोणाला खटकलं कसं नाही? मलाही खटकलं नव्हतं, तीन वर्षं मी त्याच वहीत सही करतेय.

आणि त्या रात्री ग्रुपवर काय आलं तर “मावशींचं लक्ष कुठे होतं”. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डवर जुनाच नियम मोठ्या अक्षरात लागला, घरकामगार आणि ड्रायव्हर यांनी पूलच्या पाण्यात उतरू नये, उतरल्यास फ्लॅटमालकाला दंड. मला हे वाचून इतकं वाईट वाटलं, आणि रागही आला. म्हणजे पोर सांभाळायला ती बाई चालते, पण पोर बुडायला लागलं तर तिने पाण्यात उतरायचं नाही. जिला पोहता येत नाही, जिला पाण्याला पाय लावायची परवानगी नाही, तिच्या भरवशावर आपण जिवाचा तुकडा पाठवतो आणि काही झालं की खापर तिच्यावर फोडतो. चूक तिला तिथे उभं करणाऱ्यांची आहे, म्हणजे आपली.

माझं बालपण सांगली जिल्ह्यातल्या एका गावात गेलं. आम्ही विहिरीत पोहायला शिकलो, पाठीला वाळका भोपळा बांधून. मामा कधी काठावर उभा राहून सूचना देत बसला नाही, तो आमच्या आधी पाण्यात असायचा आणि आम्ही वरून मुटका मारला की आमच्यापासून हातभर अंतरावर वर यायचा. त्याने कधी नियम म्हणून सांगितलं नाही पण तोच नियम होता. आता आपल्याकडे निळ्या टाइल्स आहेत, फिल्टर आहे, खुर्च्या आहेत, आणि मुलाबरोबर पाण्यात उतरलेलं माणूस नाही. साडेतीन फूट पाणी आपल्याला कमरेच्या जरा वर लागतं म्हणून ते उथळ वाटतं, पण चार वर्षांचं मूल स्वतःच सव्वातीन फुटांचं असतं हो! आणि दंडाला फुगवून लावायचे ते पट्टे, ते खेळणं आहे, निसटतात, हवा जाते, त्यांच्यावर विसंबून मोबाइल हातात घेऊ नका.

बाकी नियमांबद्दलही भांडणं होतात, होऊ देत, पण त्यात जीव जात नाही. तरी थोडं सांगते. पाण्यात उतरायच्या आधी आंघोळ करा आणि डोक्याला तेल चोपडून येऊ नका. डोळे लाल झाले की लोक क्लोरीन जास्त झालं म्हणून ओरडतात, पण डोळे चुरचुरतात ते बहुतेक वेळा घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळून जे तयार होतं त्याने, तो उग्र वासही त्याचाच. मुलाला जुलाब होत असतील तर कृपा करून आणू नका, काही जंतू क्लोरीनच्या पाण्यातही काही दिवस जगतात.

माझं मागणं एवढंच आहे. सहा-सात वर्षांखालच्या प्रत्येक मुलासोबत पोहता येणारं एक मोठं माणूस पाण्यात हवं, काठावर नाही, आणि ते नसेल तर मुलाला आत सोडू नये, मग मेंटेनन्स कितीही भरत असा. लाइफगार्डकडून रजिस्टर काढून घ्या. आणि मावशींवरची बंदी उठवा. ३० सप्टेंबरच्या आत सगळ्याच सोसायट्यांची वार्षिक सभा होते, तिथे पार्किंगवर तीन तास बोलतो तर यावर अर्धा तास बोलूया.

त्या मावशी दुसऱ्या दिवसापासून पूलच्या बाजूने जातसुद्धा नाहीत, मागच्या लिफ्टने येतात. मी त्यांना विचारलं, पोहायला शिकणार का, तर आधी नको नको म्हणाल्या, मग दोन दिवसांनी स्वतःच विचारलं, “ताई, या वयात येतं का?” मी म्हटलं येतं. रविवारी सकाळी ७ ते ८ पूल रिकामा असतो, तेव्हा त्यांना आणि आणखी ज्यांना शिकायचंय त्यांना मी फुकट शिकवीन असा अर्ज मी कमिटीला दिलाय. ११ दिवस झाले, अजून उत्तर आलेलं नाही.

आपली,
एक पालक, वाकड, पुणे