ऋतूला साजेसे रेशीमकीटक हवेत

महोदय,

जालना-बीड भागात वाढवल्या जाणाऱ्या दुबार (वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या) संकरित जातीच्या रेशीम अळ्यांना साधारण २४ ते २८ अंश तापमान आणि दमट हवा मानवते. आपल्याकडे मात्र मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो आणि हवा कोरडी पडते. ओली पोती टांगून शेतकरी अळ्यांना जिवापाड जपतो, तरीही शेवटच्या अवस्थेत त्या रोगाने मरतात आणि तोवर त्यांना खाऊ घातलेल्या तुतीच्या पाल्याचा, मजुरीचा सारा खर्च झालेला असतो. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेने उष्णता सोसणारे वाण विकसित केले आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्या चाचण्या येथील शेतकऱ्यांच्याच संगोपनगृहांत, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात स्वतंत्रपणे घ्याव्यात. कोषाचे वजन थोडे कमी भरले तरी चालेल (माझ्या मते, हमखास पीक अधिक मोलाचे), परंतु अंडीपुंज (रेशीमकीटकांची अंडी) हंगाम पाहूनच पुरवले जावेत.

— एक तुती उत्पादक, जालना जिल्हा